कौलारू छपराला लाकूड किती लागेल? तीन माणसांचे तीन आकडे

कौलारू

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी जुन्या घराच्या जागी चिऱ्याचे नवे घर बांधत आहोत. भिंती आता आढ्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या तुळईच्या) उंचीपर्यंत आल्या आहेत आणि स्लॅब घालायचा नाही, मंगलोरी कौलेच घालायची, हे घरात एकमताने ठरले आहे. प्रश्न लाकडाचा आहे. ठेकेदाराने छपराला ९५ घनफूट ऐनाचे लाकूड लागेल असे सांगितले, वखारीवर मोजमापांचा कागद दाखवला तेव्हा तिथून ११२ घनफुटांचा अंदाज मिळाला आणि गावच्या सुतारकाकांनी, कागदाकडे न पाहता, दहा मिनिटे भिंतींभोवती फिरून १३२ असा आकडा दिला. कापीव ऐनाचा मला मिळालेला दर घनफुटाला १,४५० रुपये आहे, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात ५३ हजारांहून अधिक अंतर पडते.

घराचे बाहेरून माप ३६ फूट बाय २२ फूट आहे. आढे लांबीच्या दिशेने आहे आणि छप्पर दोन पाखी (आढ्याच्या दोन्हीकडे उतरणारे) आहे. वळचण (भिंतीबाहेर येणारा छपराचा भाग) दोन्ही बाजूंना अडीच फूट आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींबाहेर दीड फूट ठेवायची आहे. उतार फुटाला ७ इंच आहे. आतल्या दोन आडव्या भिंती आढ्यापर्यंत चढवल्या असल्यामुळे १२-१२ फुटांचे तीन गाळे पडतात आणि कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) लागत नाहीत. अभियंत्याने ठरवून दिलेली मापे अशी आहेत: वासे (आढ्यापासून वळचणीकडे उतरणारी लाकडे) ४ बाय अडीच इंच, सुमारे दोन फुटांवर एक, आढे आणि दोन्ही पाख्यांच्या मधल्या तुळया ४ बाय ७, भिंतीच्या माथ्यावर वासा टेकतो ती पाटी ४ बाय ३, रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौले बसतात) २ बाय १, वळचणीची आणि कडेची फळी ६ बाय १. या तिघांपैकी कोणाचे खरे मानावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटावरचा

आमच्याकडे सुतार छपराच्या दर चौरस फुटाला घनफुटाचा एक ठराविक हिस्सा धरून लाकूड सांगतात आणि ते बहुतेक वेळा जुळते. आपले घर ७९२ चौरस फुटांचे आहे, त्यामुळे मला ९५ चा आकडा पटण्यासारखा वाटतो. सुतारकाकांचा आकडा मात्र उगाच फुगवलेला दिसतो.

जुना ओव्हरसियर

घाटावरचा यांचा ठोकताळा वाईट नाही, पण तो कोणत्या क्षेत्रफळाला लावायचा, इथेच गाडी घसरते. घर ७९२ चौरस फुटांचे आहे हे खरे. मात्र वळचणी धरल्या की वरून दिसणारी सावली २७ बाय ३९ म्हणजे १,०५३ चौरस फूट होते आणि उतार धरला की प्रत्यक्ष पाख्यांचे क्षेत्रफळ १,२१९ चौरस फूट भरते. एकाच घराचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत, त्यामुळे चौरस फुटावरून घनफूट सांगणाऱ्या माणसाला, तो यांपैकी कोणता चौरस फूट धरतो, हे आधी विचारावे. मी नोकरीत असताना शाळांच्या छपरांची अंदाजपत्रके करत असे आणि तेव्हापासून एकच सवय जपली आहे: ठोकताळा बाजूला ठेवून एकेक नग मोजायचा.

आपल्या घराची कापयादी (कोणत्या मापाचे किती नग, याची यादी) मी बसून केली. अर्धी रुंदी ११ फूट आणि वळचण अडीच फूट, म्हणजे वाशाची आडवी धाव साडेतेरा फूट. फुटाला ७ इंच उतार असेल तर तिरकी लांबी काढण्यासाठी १.१५८ ने गुणावे लागते (१२ चा वर्ग आणि ७ चा वर्ग यांची बेरीज १९३, तिचे वर्गमूळ १३.८९, त्याला १२ ने भागले). वासा त्यामुळे १५ फूट साडेसात इंचांचा होतो. वखारीत अशी लांबी मिळत नाही, १६ फूटच घ्यावी लागते. छपराची लांबी ३९ फूट; दोन फुटांहून जास्त अंतर पडू द्यायचे नसेल तर एका पाख्याला २१ आणि दोन्ही मिळून ४२ वासे लागतात. एका वाशाचे घनफूट काढायला रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात घेऊन गुणाकाराला १४४ ने भागावे: ४ गुणिले २.५ गुणिले १६ म्हणजे १६०, भागिले १४४ म्हणजे १.११. बेचाळीस वाशांचे ४६.६७ घनफूट झाले.

आढे आणि दोन तुळया मिळून तीन रांगा आहेत. प्रत्येक रांग तीन तुकड्यांत येईल आणि सांधा आडव्या भिंतीवर पडेल. टोकाच्या तुकड्याला १२ फुटांचा गाळा, दीड फूट बाहेर आणि सांध्याला अर्धा फूट, असे १४ फूट लागतात. मधल्याला १३ पुरतात, पण मी सगळे १४ चेच धरले आहेत. एकूण १२६ फूट लांबी, म्हणजे साडेचोवीस घनफूट. दोन्ही पाट्यांचे ८४ फूट लांबीचे ७ घनफूट.

रिपांसाठी मी साडेबारा इंचांचे अंतर धरले आहे, पण ते आपण घेणार त्या कौलावरून पक्के करावे. अकरा कौले जमिनीवर उताराच्या दिशेने एकात एक अडकवून मांडावीत, एकदा ती ताणून आणि एकदा दाबून पहिल्या कौलाच्या नाकापासून अकराव्याच्या नाकापर्यंत मोजावे, दोन्ही मापांची सरासरी काढावी आणि दहाने भागावे. दोन कारखान्यांच्या कौलांत पाव-अर्ध्या इंचाचा फरक पडतो आणि पंधरा ओळींत तो फरक एका अख्ख्या रिपेचा होतो. साडेबारा इंचांनी १५ फूट साडेसात इंचांत पंधरा अंतरे नेमकी बसतात, म्हणजे प्रत्येक पाख्याला १६ रिपा. दोन्ही पाखे मिळून १,२४८ फूट. रिपेचा सांधा वाशावरच यावा लागतो म्हणून कापाकापीत तुकडे वाया जातात, त्यासाठी १० टक्के वाढवले. हे १९.०७ घनफूट झाले. फळ्यांची लांबी १४२ फूट धरली, त्यांचे ५.९२.

सगळ्याची बेरीज १०३.१६ घनफूट येते.

ठेकेदाराचे ९५ कुठून आले असतील हेही मी करून पाहिले. वाशाची साडेतेरा फुटांची आडवी धावच लांबी समजून १४ फुटांचे वासे घेतले, रिपांच्याही त्याच हिशोबाने सोळाऐवजी चौदा ओळी धरल्या आणि कडेच्या फळ्या तेवढ्याच आखूड केल्या, तर बेरीज ९४.६ होते. त्यांनी नकाशावरून मोजले आणि उतार विसरला, असा माझा तर्क आहे. त्या हिशोबाने वासे आणले तर ते वळचणीपर्यंत पोहोचणार नाहीत आणि मग अडीच फुटांची वळचण एका फुटावर येईल. कोकणातल्या पावसात चिऱ्याच्या भिंतीवर पागोळ्यांचे पाणी किती उडते, हे आपल्याला मी सांगायला नको.

वखारवाला

ओव्हरसियर साहेबांचे गणित चोख आहे. आमच्या घरी तीन पिढ्या लाकडाचा धंदा होता, आता बंद केला आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. वखारीने सांगितलेल्या ११२ मध्ये लबाडी असेलच असे नाही. आपण वखारीत काय बोललात, यावर ते अवलंबून आहे. वाशांना रंधा मारायचा आहे का आणि ४ बाय अडीच हे माप रंध्यानंतरचे हवे आहे का?

करवतीतून निघालेला ४ बाय अडीचचा वासा चारही बाजूंनी रंधला की पावणेचार बाय सव्वादोन उरतो. पूर्ण माप हवे असेल तर गिरणीवर सव्वाचार बाय पावणेतीन कापावे लागते. पाव इंच म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण १० चौरस इंचांच्या जागी ११.६९ चौरस इंच लाकूड जाते, म्हणजे जवळजवळ १७ टक्के वाढ. आपल्या ४२ वाशांना ४६.६७ ऐवजी ५४.५ घनफूट लागतील. जितका नग बारीक, तितका हा पाव इंच महाग पडतो. तुळयांच्या बाबतीत तो तितका जाणवत नाही. म्हणून जे नजरेला पडते तेवढेच रंधावे. रिपांना कोणी रंधा मारत नाही. खाली छत घालणार असाल तर वाशांनाही गरज नाही.

दर विचारताना आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी, ती म्हणजे लांबी. १,४५० हा दर सोळा फुटी मालाचा आहे की सरासरी? दहा फुटांच्या आतल्या मालाचा दर बहुतेक ठिकाणी कमी असतो, कारण लांब, सरळ, गाठ नसलेला नग ओंडक्यातून मोजकाच निघतो.

पागोळी

मी कुडाळजवळच्या आमच्या माहेरच्या घराचे छप्पर तीन वर्षांपूर्वी बदलले, त्यामुळे हा धागा आवडीने वाचते आहे. ओव्हरसियर काकांच्या यादीत एक नग राहिला आहे, तो सांगते, कारण माझ्याही यादीत तो राहिला होता आणि ऐन वेळी सुताराने काम थांबवून मला वखारीत पिटाळले होते.

वळचणीची पहिली रीप बाकीच्या रिपांपेक्षा जाड लागते. प्रत्येक कौल खालच्या कौलावर टेकते, पण पहिल्या ओळीच्या खाली कौल नसते, त्यामुळे साधी रीप मारली तर ती ओळ पुढे झुकते आणि वरच्या कौलांत फट राहते. म्हणून त्या जागी एकावर एक दोन रिपा मारतात. दोन पाख्यांचे ७८ फूट, म्हणजे एक घनफुटाहून थोडे जास्त. पैशांत ते फार नाही, पण रिपा मोजून आणलेल्या असतात आणि नेमक्या ७८ फूट कमी पडतात.

जुना ओव्हरसियर

पागोळीताई, चूक मान्य आहे. १.०८ घनफूट वाढवावे. आता बेरीज पाहा: माझे १०३.१६, वखारवाला यांनी सांगितलेले रंध्याचे ७.८७ आणि ही दुहेरी रीप १.०८, मिळून ११२.११. कौलारू यांच्या वखारीने नेमके हेच धरले असावे. अंदाज बरोबर निघाल्याचा आनंद होतो आहे, पण सुतारकाकांचे वरचे वीस घनफूट अजून मला सापडलेले नाहीत.

कौलारू

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वखारीत मी वासे रंधलेले हवेत असे सांगितले होते, कारण आम्ही छत घालणार नाही आणि वासे खालून दिसणार आहेत.

सुतारकाकांना आज फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "अरे, दारं-खिडक्या काय आभाळातून पडणार?" त्यांच्या आकड्यात चार दारांच्या आणि सहा खिडक्यांच्या चौकटी होत्या. मी 'लाकूड किती लागेल' असे विचारले होते, 'छपराला' हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. त्यांनी उंबऱ्यासह दाराची एक चौकट ५ बाय ३ ची, कानांसकट २२ फूट लांबी, आणि खिडकीची चौकट ४ बाय ३ ची, मधल्या उभ्या दांड्यासकट २१ फूट, अशी धरली आहे. मी गुणाकार केला: दाराला २.२९, खिडकीला १.७५, एकूण १९.६७ घनफूट. ११२.११ मध्ये मिळवले की १३१.७८ होतात. काकांनी हे सगळे भिंतींभोवती फिरता फिरता तोंडी केले, याचे मला अजून आश्चर्य वाटते आहे.

रंधा

मी स्वतः सुतारकाम करतो. काकांचे घनफूट बरोबर आहेत, पण कौलारू साहेबांनी १३२ ला १,४५० ने गुणून पैसे बाजूला ठेवले असतील तर ते कमी पडतील. चौकटी ऐनाच्या करणार आहात का? ऐन जड आणि टणक असते, वाळताना ते फिरते आणि चिरते. वाशांना कौलांचा भार धरून ठेवतो, तिथे ते शोभते. दाराच्या चौकटीत तेच लाकूड पीळ खाल्ले की झडप बसत नाही आणि दर पावसाळ्यात मला बोलावणे येते. चौकटींना सागच बरा, निदान जुना वाळलेला फणस तरी असावा. सागाचा दर आपल्याला काय सांगितला आहे?

कौलारू

सागाचा दर ३,८०० सांगितला आहे. म्हणजे हिशोब असा होतो: छपराचे ११२ घनफूट ऐन १,६२,४०० रुपये आणि चौकटींचा १९.६७ घनफूट साग ७४,७४६ रुपये, मिळून २,३७,१४६. सगळे ऐनाच्या दराने धरून मी १,९१,४०० रुपये लिहून ठेवले होते. हे दर करासहित आहेत की नाहीत, तेही विचारायचे राहिले आहे.

वखारवाला

ते आजच विचारा. लाकडावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि आपल्या रकमेवर तो ४२ हजारांच्या पुढे जातो. एकूण २,७९,८०० च्या घरात पोहोचाल. वखारीत तोंडी सांगितलेला दर बहुधा कराशिवायचा असतो. 'बिलाशिवाय घेतले तर कर नाही' असे कोणी सुचवले तर त्या वाटेला जाऊ नये. लाकूड गाडीत भरले की त्यासोबत वाहतूक परवाना आणि बिल हवेच, नाही तर तपासणी नाक्यावर गाडी आणि माल दोन्ही अडकतात.

मजुरीचेही असेच आहे. छपराची मजुरी चौरस फुटावर ठरते, तेव्हा तो चौरस फूट पाख्यावर मोजायचा की जमिनीवरच्या सावलीवर, हे कागदावर लिहून घ्यावे. आपल्या घराच्या बाबतीत १,२१९ आणि १,०५३ असा फरक आहे. दर समजा ९० रुपये असला तर १४,९४० रुपयांचा वाद छप्पर झाल्यावर उभा राहतो.

घाटावरचा

माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. एक शंका आहे: वासा एकसंध सोळा फुटी घेण्याऐवजी मधल्या तुळईवर जोडला तर स्वस्त पडणार नाही का?

जुना ओव्हरसियर

पडतो, पण वाटतो तितका नाही. साडेआठ फुटांचे दोन तुकडे घेऊन तुळईवर एक फूट शेजारी शेजारी चढवावे लागतील, म्हणजे सोळाऐवजी १७ फूट लाकूड. न रंधलेल्या मापाने ४९.५८ घनफूट होतात. आखूड मालाचा दर १,२५० मिळाला असे धरले तर सुमारे ६२ हजार, आणि एकसंध वाशांचे १,४५० ने सुमारे ६७,७००. वाचतात ५,७०० रुपये. त्यातून ४२ सांध्यांचे बोल्ट आणि सुताराचे दोन-तीन दिवस वजा करा. शिवाय वासे खालून दिसणार असतील तर प्रत्येक वासा मध्येच बाजूला सरकलेला दिसेल. लांब माल मिळतच नसेल तरच हा मार्ग घ्यावा.

पागोळी

कौलारू, आपल्या जुन्या घराच्या लाकडाचे काय केलेत? आमच्याकडे जुन्या छपराचे किंजळीचे ३८ वासे निघाले आणि सगळ्यांनी मला सांगितले की तेवढे घनफूट नव्या यादीतून वजा कर. मी केले, आणि फसले. जुना वासा वळचणीच्या टोकाला नेहमी कुजलेला असतो, कारण पाऊस तिथेच लागतो. आमच्या बारा फुटी वाशांतले फूट-दीड फूट कापावे लागले, उरले साडेदहा. नव्या उताराला मला तेरा हवे होते. घनफुटात माझ्याकडे भरपूर लाकूड होते आणि उपयोगाचा एकही वासा नव्हता. शेवटी त्यांचा पडवीला आणि खिडक्यांच्या चौकटींना उपयोग झाला. तेही करवतीखाली घालण्याआधी प्रत्येक खिळा उपसून काढल्यावर, कारण राहिलेल्या एका खिळ्याने गिरणीचे पाते गेले आणि त्याचे पैसे आम्हीच भरले.

कौलारू

आमचे जुने लाकूड मांगरात रचून ठेवले आहे. आता प्रत्येक नगाची निरोगी लांबी मोजून वहीत लिहितो. शिवाय मागच्या परड्यात आमची तीन मोठी ऐनाची झाडे उभी आहेत. चुलतभाऊ म्हणतो की ती तोडली तर विकतचे लाकूड लागणारच नाही.

वखारवाला

यात दोन गोष्टी आहेत. पहिली, परवानगी. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडे आहेत, म्हणून झाड आपल्या मालकीच्या जमिनीत असले तरी वन विभागाची परवानगी आधी घ्यावी लागते. ती मिळून झाड पडून, कापून, वाळेपर्यंत यंदाचा पावसाळा हातचा जाईल. ओल्या ऐनाचे वासे चढवले तर ते छपरावरच वाळतील आणि वाळता वाळता वाकतील.

दुसरी गोष्ट मोजण्याची. गोल लाकूड आपल्याकडे चौथाई घेराने मोजतात: मध्यावरचा घेर इंचात घ्यायचा, त्याला चारने भागायचे, त्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीने गुणायचे आणि १४४ ने भागायचे. बारा फूट लांब आणि मध्यावर ४८ इंच घेर असलेला ओंडका या हिशोबाने १२ घनफूट होतो, प्रत्यक्षात मात्र त्यात १५.२८ घनफूट लाकूड असते. ही पद्धतच मुळी साल, बगला आणि भुसा यांची थोडी सूट गृहीत धरते. म्हणून गोल लाकडाचा घनफूट आणि कापीव लाकडाचा घनफूट यांचे दर शेजारी ठेवून तुलना करू नये. गोल १२ घनफुटांतून कापीव १२ निघत नाहीत. सालीलगतचा पांढरा भाग वाळवीचे खाद्य असल्यामुळे तो टाकला की आणखी घटते, आणि एक इंची रिपा काढताना प्रत्येक कापाला सूत-दीड सूत जाडीचा भुसा होतो. एक सूत म्हणजे अष्टमांश इंच धरला तरी नऊ भागांतला एक भाग गिरणीच्या खड्ड्यात जातो.

घेर कुठे मोजला, हेही डोळ्यांनी पाहावे. तोच ओंडका बुंध्याकडे ५४ इंच आणि शेंड्याकडे ४२ इंच असेल, आणि कोणी बुंध्याकडे टेप लावला, तर १२ चे १५.१९ घनफूट होतात. टेप चार हात सरकवण्याचे हे सव्वापट पैसे आहेत.

घाटावरचा

सागासाठी थेट वन विभागाच्या आगारातून लिलावात लाकूड घेतले तर? बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले, तेव्हापासून आमच्या सोसायटीत प्रत्येकाला तिथलाच साग हवा आहे.

वखारवाला

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाच्या गुणवत्तेबद्दल प्रश्नच नाही, पण लिलावात ढीग घ्यावा लागतो, वीस घनफूट निवडून मिळत नाहीत. तिथले माप घनमीटरमध्ये असते. एक घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट, आणि दोन्हीकडे चौथाई घेराचीच पद्धत असेल तरच हे रूपांतर लागू पडते. चौकटींपुरता साग हवा असेल तर संगमेश्वराहून तिकडे जाण्याचे भाडेही निघणार नाही.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत राहतो आणि हौसेने सुतारकाम करतो. रंध्याच्या पाव इंचावरून आठवले: इथे दुकानात '२ बाय ४' म्हणून जे लाकूड मिळते, ते प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचे असते, म्हणजे नावाच्या मापापेक्षा एक तृतीयांशाहूनही जास्त लाकूड कमी. फरक एवढाच की इथे सगळ्यांना ते ठाऊक असते आणि नकाशेही खऱ्या मापानेच काढतात. गावी आमच्या पडवीचे काम निघाले तेव्हा मी इथल्या सवयीने 'नावाचे माप वेगळे, खरे वेगळे' असे समजून एक नंबर मोठे लाकूड मागवले आणि वखारीतून पूर्ण मापाचे आले. पडवी आता हत्तीही पेलेल.

रंधा

खरेदीला जाताना कौलारू साहेबांनी टेप, खडू आणि कापयादी घेऊन जावे, आणि 'वाढीव दहा टक्के' असे सरसकट सांगू नये. वाशांत पंधरा-साडेसातचे सोळा झालेच आहेत, तुळयांत सांधे धरले आहेत, रिपांत दहा टक्के आहेत. त्यावर पुन्हा दहा टक्के म्हणजे सोळा हजारांचे लाकूड मांगरात पडून राहणार. हवे तर दोन वासे जास्त घ्यावेत, कारण चढवताना एखादा चिरलेला निघतोच. प्रत्येक नग उलटून चारही कडा पाहाव्यात; एका कडेला पांढरा पट्टा असेल तर खडूने खूण करून बाजूला ठेवावा.

कौलारू

काल सुतारकाकांना सोबत घेऊन वखारीत जाऊन आलो. अकरा कौलांचा प्रयोग आधीच केला होता, अंतर साडेबारा इंचच आले. ठेकेदाराला उताराचा हिशोब दाखवला. त्यांनी नकाशावरून मोजल्याचे कबूल केले आणि छपराचे लाकूड मीच आणून द्यावे यावर आमचे एकमत झाले. ऐनाची तीन झाडे परड्यातच राहू दिली आहेत.

वखारीत प्रत्येक नग उलटून पाहायला पाच तास लागले. तीन वाशांच्या कडेला पांढरा पट्टा निघाला, ते बदलून घेतले. चौदा फुटी म्हणून काढलेल्या नऊ तुळयांपैकी दोन टेप लावल्यावर १३ फूट ९ इंच भरल्या. मी त्या परत करायला निघालो होतो, पण काकांनी माझ्या हातातली कापयादी घेतली आणि मधल्या गाळ्याला १३ फूट पुरतात या ओळीवर बोट ठेवले. त्या दोन्ही मधल्या गाळ्यांसाठी ठेवल्या, आणि मोजणी अर्ध्या फुटावर खाली येत असल्यामुळे मालकाने त्या साडेतेरा फुटांच्या धरल्या. छपराचे बिल १११.९२ घनफुटांचे झाले आहे. जास्तीचे दोन वासे वेगळे घेतले आणि ते न वापरता राहिले तर परत घेऊ, असे बिलाच्या मागे लिहून घेतले आहे. सागाच्या चौकटींचे लाकूड काका पुढच्या आठवड्यात स्वतः निवडणार आहेत, मला त्यांनी सोबत येऊ नको म्हणून सांगितले आहे.